कंट्रोलरसाहेबांचं स्टूल

एखाद्या माणसाचा राग यायचा तर त्यानं आपलं काहीतरी वाईट केलेलं असावं लागतं, असा माझा समज होता. माझ्या जुन्या घरमालकांनी माझं कधीच काही वाईट केलं नाही. नळाला पाणी यायच्या दिवशी स्वतःची टाकी मागे ठेवून आमची आधी भरू दिली. माझी आई आजारी होती तेव्हा तिला तिखट चालत नाही म्हणून स्वतःच्या हातानं वरणभात करून वर पाठवला. तरी आज त्यांची आठवण आली की माझं डोकं तापतं. या रागातला त्यांच्यावरचा किती आणि माझ्यावरचा किती, हे मला अजून वेगळं करता आलेलं नाही.

शहागंजच्या मागच्या एका गल्लीत त्यांचं दुमजली घर. खाली ते एकटे, वर मी आणि आई. अकरा वर्षं आम्ही तिथं भाड्यानं राहिलो. ते एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. आधी फुलंब्री, मग लासूर स्टेशन, शेवटी शहरातलं मोठं स्टँड. म्हणून सगळी गल्ली त्यांना कंट्रोलरसाहेब म्हणायची. आयुष्यभर माईकवरून गाड्या पुकारल्यामुळे त्यांना साधं बोलताच यायचं नाही. सकाळी गच्चीवर उभे राहून ते पुकारायचे, "गल्लीतील रहिवाशांनी लक्ष द्या. नळाला पाणी आलेलं आहे. मोटार लावणाऱ्यांनी शेजाऱ्याचा विचार करावा." एकदा माझ्यासाठी स्थळ घेऊन पाहुणे आले, तर तेही त्यांनी पुकारलं. मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलंही नसावं, कारण ते नेहमीसारखंच जिन्याखालून ओरडून "मॅडम, दूध आलं" सांगत राहिले.

त्यांच्या दाराशी ड्रेनेजचं एक चेंबर होतं. ते वर्षातून आठ महिने भरून वाहायचं. या चेंबरला लागून त्यांनी एक लाकडी स्टूल ठेवलं होतं, एक पाय आखूड असलेलं. घरात चांगल्या खुर्च्या होत्या, पण हे स्टूल पाहुण्यांसाठी नव्हतंच. ते फक्त उमेदवारांसाठी होतं. निवडणूक लागली आणि कुणी हात जोडत गल्लीत शिरलं की हे गच्चीवरून पुकारायचे, "उमेदवार गल्लीत दाखल झालेले आहेत. सुट्टे प्रश्न जवळ ठेवा." मग खाली येऊन अगदी अदबीनं त्याला त्या स्टुलावर बसवायचे. चहा द्यायचे, तोही कपभर. खाली चेंबरची घाण, नाकात तो वास, बूड एका बाजूला कललेलं आणि हातात उकळता चहा. निवडणुकीच्या दिवसांत घरमालकाच्या हातचा चहा टाकून उठायची कुणाची हिंमत नसते. चहा संपेपर्यंत कंट्रोलरसाहेब एकच प्रश्न विचारायचे. पक्ष कुठला का असेना, प्रश्न तोच.

"निवडून नाय आलात, तर या गल्लीत परत कधी येताल?"

मी त्या घरात नवीन होते तेव्हाच्या निवडणुकीत तिघांना त्या स्टुलावर बसलेलं पाहिलं. तिघंही हसले आणि तिघांनीही एकच उत्तर दिलं, "येतो ना, नक्की येतो." तिघांपैकी एकही परत दिसला नाही. पण प्रचाराच्या दिवसांत चेंबर मात्र दोनदा साफ झालं. एकानं केलं म्हणून दुसऱ्यानं केलं. कंट्रोलरसाहेब गच्चीवरून खाली बघत मला म्हणाले, "बघा मॅडम. एकच उमेदवार असता तर हे झालं असतं का? त्याला कशाची गरज होती वास घ्यायची?"

त्यांचा सगळा चक्रमपणा या एका मुद्द्यापाशी येऊन थांबायचा. मतदान झालंच पाहिजे. कशाचंही असो. गल्लीच्या गणेश मंडळाचा अध्यक्ष वर्षानुवर्षं टाळ्या वाजवून ठरायचा. सगळे टाळ्या वाजवत असताना हे मागून उभे राहायचे आणि म्हणायचे, "माझा विरोध आहे." कुणाला विरोध, का विरोध, काही नाही. "चिठ्ठ्या टाका, मग माझंबी मत त्यालाच." लोक चिडायचे. सणासुदीला कशाला भांडण, म्हणायचे. आमच्या लोकांना भांडणाची फार भीती. रस्ता खोदून सहा महिने तसाच पडलेला चालतो, पण कुणी उभं राहून "का?" म्हटलं की यांच्या एकोप्याला तडा जातो. हे मी आता चिडून लिहिते आहे. तेव्हा मीही त्या टाळ्या वाजवणाऱ्यांतच बसलेली असायचे.

फुलंब्रीजवळच्या त्यांच्या गावातली हकिगत तर गल्लीत सगळ्यांना पाठ होती. एका वर्षी गावानं देवळात बसून ठरवलं, यंदा सरपंच बिनविरोध. नाव ठरलं यांच्याच सख्ख्या थोरल्या भावाचं. दुसरा कुणी असता तर पेढे घेऊन गेला असता. हे पहिल्या गाडीनं गेले आणि स्वयंपाकघरात जाऊन वहिनींना म्हणाले, "वहिनी, तुम्ही भरा अर्ज." वहिनींनी भरला! नवऱ्याविरुद्ध बायको. देवळात बसलेल्यांची तोंडं बघण्यासारखी झाली असतील. वहिनी पडल्या, पण भावाला मत मागायला प्रत्येक उंबऱ्यावर जावं लागलं. गावाच्या खालच्या टोकाला हातपंप वर्षभर बंद आहे हे त्याला तेव्हा कळलं. भाऊ दोन वर्षं यांच्याशी बोलला नाही. वहिनींच्या करंज्यांचा डबा मात्र दर दिवाळीला यायचा. तो मीही खाल्ला आहे.

महापालिकेच्या निवडणुकीला ते स्वतःच उभे राहायचे. अपक्ष. चार वेळा उभे राहिले आणि चारही वेळा पडले. मतं इतकी कमी की ती विचारायचीही लाज वाटावी. मी एकदा विचारलं, "कंट्रोलरसाहेब, निवडून यायचं नाही तर उभं कशाला राहायचं?"

"निवडून यायला आपन कुठं उभं राहतो? मतदान व्हावं म्हनून राहतो. मॅडम, निवडून आलेल्याला इतकंच कळायला पाहिजे की एवढ्या लोकांनी आपल्याला नको म्हणलं. तो आकडा त्याच्यासमोर वाचून दाखवला पाहिजे. बिनविरोध आलेल्याला ते कळतच नाय. तो मग पाच वर्षं आपल्याकडं असं बघतो, जसं आपन त्याच्या घरी राहतो."

उमेदवारी अर्जावर सूचक लागतो, म्हणजे या माणसाचं नाव मी सुचवतो असं लिहून सही करणारा त्या भागातला मतदार. कंट्रोलरसाहेब सूचक म्हणून नेहमी वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला घ्यायचे. त्यामागं त्यांचा एक हिशेब होता. गल्लीतला माणूस कुणाचा तरी मेव्हणा असतो, कुणाचा तरी व्याही असतो. भाडेकरूला गल्लीत नातं नाही, म्हणून तो कुणाला बांधील नाही. असं ते अगदी खात्रीनं सांगायचे. अनुमोदक मात्र ठरलेला, समोरचे टेलरचाचा. त्या पहिल्या निवडणुकीत मी हसत हसत सही केली होती. काय जातंय आपलं, असं वाटलं होतं.

मग निवडणुका झाल्याच नाहीत. मुदत संपली, कारभार प्रशासकाकडं गेला, आणि वर्षामागून वर्षं गेली. नगरसेवक नावाचा प्राणी गल्लीतून नाहीसा झाला. स्टूल उन्हातान्हात पडून काळं पडलं. चेंबर वाहत राहिलं. कंट्रोलरसाहेब रोज सकाळी गच्चीवरून पुकारायचे, "आपली निवडणूक अनिश्चित काळासाठी उशिरानं धावत आहे. गैरसोयीबद्दल कुणीही दिलगीर नाही." सुरुवातीला लोक हसायचे. नंतर ऐकायचेही बंद झाले. कोर्टात तारखा पडत होत्या, वर्तमानपत्रात आतल्या पानावर दोन ओळी यायच्या, आणि आख्ख्या शहराला त्याची सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते, याची मला आता किळस येते.

अखेर निवडणूक लागली. या वेळी पद्धत वेगळी होती. एका प्रभागात चार नगरसेवक, म्हणून प्रत्येकानं चार मतं द्यायची. कंट्रोलरसाहेबांनी स्टूल धुतलं, उन्हात वाळवलं आणि चेंबरपाशी ठेवलं. चारपैकी एका जागेवर ज्याचं नाव पुढं आलं, त्याला सगळे भाऊ म्हणत. बाकीच्या उमेदवारांशी त्याचं 'बोलणं झालंय' आणि ते माघारीच्या दिवशी अर्ज काढून घेणार, हे पानटपरीवरसुद्धा माहीत होतं. अडचण एकच. त्याच जागेवर कंट्रोलरसाहेबांनीही अर्ज भरला होता. भाऊची माणसं बोलणं करायला त्यांच्याकडेही आली. यांनी त्यांना स्टुलावर बसवलं, चहा पाजला आणि आपला प्रश्न विचारला. ती माणसं पुन्हा आली नाहीत.

ती सरळ सूचकाकडं वळली. म्हणजे माझ्याकडं, याही वेळी सही माझीच होती.

भाऊ हा आमच्या शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या. त्या संस्थेच्या शाळेत मी दहा वर्षं शिकवत होते आणि दहा वर्षं माझ्या कायम नेमणुकीचा प्रस्ताव 'विचाराधीन' होता. छाननीच्या आदल्या दिवशी दुपारी अध्यक्षांनी मला बोलावलं. दमदाटी केली असती तर बरं झालं असतं. ते फार गोड बोलले.

"मॅडम, तुमचा प्रस्ताव टेबलावरच हाय बरं का. याच महिन्यात करून टाकू." मग त्यांनी पाणी मागवलं, माझ्यासाठी. "त्या म्हाताऱ्याच्या अर्जावर तुमची सही हाय म्हणं. तुम्ही कशाला करताल? त्यानंच मारली असंल. व्हय का नाय?"

टेबलावर टाइप केलेला कागद तयार होता. उमेदवारी अर्जावरची सूचकाची सही माझी नाही, असं त्यात लिहिलेलं होतं. सही माझी नाही, असं सांगणाऱ्या त्या कागदावर मी माझी सही केली. आईचं आजारपण, औषधं, हे सगळं मी इथं पुढं करू शकते. करणार नाही. मी घाबरले, आणि घाबरण्यापेक्षाही जास्त, मला ते कायमचं पत्र हवं होतं. दहा वर्षं हवं होतं.

दुसऱ्या दिवशी छाननीला मला हजर राहावं लागलं. निवडणूक अधिकारी बाई सरळ होत्या. त्यांनी अर्ज माझ्यापुढं धरला आणि दोनदा विचारलं, "नीट बघून सांगा, ही सही तुमची नाही?" मी अर्जाकडं बघितलंच नाही. नाही म्हणाले. माझ्या शेजारी टेलरचाचा उभे होते. त्यांच्याही दुकानात आदल्या दिवशी माणसं जाऊन आली होती, ते मी वरच्या खिडकीतून पाहिलं होतं. अधिकारी बाईंनी त्यांना विचारलं तसे ते म्हणाले, "मेरी सही मेरीच है, मॅडम. और इनकी भी इनोच किये, मेरे सामने."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी खोटी पडले होते, भर हॉलमध्ये. कंट्रोलरसाहेबांनी फक्त एवढंच म्हणायचं होतं की मॅडमनं माझ्या घरात, माझ्या टेबलावर बसून सही केली. त्यांना विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?" त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. गाडी चुकलेल्या बाईकडं स्टँडवर बघत असतील तसं.

"मॅडम नाय म्हणतात," ते म्हणाले, "तर नसंल त्यांची."

अर्ज बाद झाला. मला शब्दानंही कुणी काही म्हणालं नाही. खोटी सही करणारा म्हणून त्यांचं नाव झालं. ज्या माणसानं तीस वर्षांत स्टँडच्या नोंदवहीत गाडीची वेळ एका मिनिटानं खोटी लिहिली नव्हती, त्याला गल्लीतले लोक 'डुप्लिकेट कंट्रोलर' म्हणायला लागले. मी वर राहत होते, मला सगळं ऐकू येत होतं. मी खिडकी लावून घ्यायचे. जिन्यात आम्ही समोरासमोर आलो की ते बाजूला व्हायचे आणि म्हणायचे, "जाऊ द्या, मॅडमना जाऊ द्या." जिन्यात आमच्या दोघांशिवाय कुणी नसायचं. हा त्यांचा चांगुलपणा मला सहन व्हायचा नाही. त्यांनी एकदा तरी मला तोंडावर शिवी द्यायला हवी होती. मी त्यावर चिडले असते, भांडले असते, आणि आमचं काहीतरी मिटलं असतं.

माघारीच्या दिवशी बाकीचे ठरल्याप्रमाणे बाजूला झाले. भाऊ बिनविरोध. गुलाल उधळला, फटाके वाजले, चौकात फलक लागला, 'प्रभागाच्या एकोप्याचा विजय'. गल्लीनं पेढे खाल्ले. आमच्या दारावरूनही मिरवणूक गेली आणि त्या चेंबरजवळून जाताना भाऊनं नाकाला रुमाल लावला. स्टुलाकडं त्याचं लक्षही गेलं नाही. जायचं कारणही नव्हतं. त्याला आता कुणाच्या दारात बसायचं नव्हतं.

छाननीच्या दिवसापासून गच्चीवरचा आवाज बंद झाला होता. तो मी पुन्हा ऐकला मतदानाच्या दिवशी. उरलेल्या तीन जागांसाठी मतदान होतं. शाळेच्या वर्गात रांग होती आणि कंट्रोलरसाहेब माझ्यापुढं तीन माणसं सोडून उभे होते. धुतलेला पांढरा शर्ट, खिशाला पेन. ते यंत्रापाशी गेले, तीनदा आवाज झाला, आणि ते तिथंच उभे राहिले.

"चौथं बटण कुठंय?"

"आजोबा, ती जागा बिनविरोध झाली. तीनच मतं आहेत," टेबलावरचे कर्मचारी म्हणाले.

"मला कुणी इचारलं नाय." मग त्यांचा तो स्टँडवरचा आवाज लागला आणि सगळा वर्ग दणाणला. "मला तो मानूस नको असंल तर मी कुठं दाबू? नको म्हणायचं बटणबी काढून घेतलं? मी एकटा म्हणनारा असंल, पर मला म्हनू तर द्या! एक मत मोजायला काय जातंय तुमचं?"

कर्मचारी बिचारे काय करणार. त्यांनी नियम सांगितला आणि तो खराच होता. मागून लोक ओरडायला लागले. "चला ओ कंट्रोलर, आम्हाला कामं हायत." "इथंबी डुप्लिकेट मत टाकायचं का?" सगळी रांग हसली. त्या क्षणी मला बोलता आलं असतं. त्या वर्गात गल्लीतली निम्मी माणसं होती. सही माझी होती, एवढं वाक्य. तीन शब्द. मी मतदार चिठ्ठी घडी घालत राहिले. ते माझ्या शेजारून बाहेर गेले. मी पुढं झाले आणि तीन बटणं दाबली, आणि चौथ्या ठिकाणी माझा हात उगीच थांबला. तिथं काही नव्हतंच.

कायमचं पत्र महिनाभरात मिळालं. शब्दाचे पक्के निघाले अध्यक्ष, ते मान्य करावं लागेल. मी दुसरीकडं घर बघितलं, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. आईला शाळा जवळ पडेल असं कारण सांगितलं. निघायच्या दिवशी टेम्पोत सामान भरलं, आईला पुढं बसवलं आणि किल्ली द्यायला मी खाली गेले. कंट्रोलरसाहेब दारात उभे होते. त्यांनी ते स्टूल पुढं ओढलं, पंच्यानं पुसलं आणि चेंबरपाशी ठेवलं.

"बसा मॅडम. चहा घेऊन जा."

अकरा वर्षांत त्यांनी मला कधी त्यावर बसवलं नव्हतं. मी बसले. आखूड पायामुळं एका बाजूला कलले. खालून वास येत होता. त्यांनी कपभर चहा आणून हातात दिला आणि समोर उभे राहिले, उमेदवारापुढं राहायचे तसे. मला वाटलं आता विचारतील, का केलंत असं. मी उत्तर तयार केलं होतं. आईचं, औषधांचं, जे मी इथं पुढं करणार नाही म्हणाले ते सगळं.

"एक सांगतो," ते म्हणाले. "तुमची शाळा कुणाची हाय ते मला ठावं होतं. पहिल्यापासून. तरी तुमचीच सही घेतली. म्हणलं, मॅडम पोरांना शिकवतात, नाय घाबरायच्या. चुकलं माझं. तुमच्या पोटावर पाय यायला नको होता."

म्हणजे चूक त्यांची. माफी त्यांनी मागितली! मला त्या क्षणी त्यांचा इतका संताप आला की तो कप त्या चेंबरमध्ये फेकून द्यावासा वाटला. टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. मी उठले. तेव्हा त्यांनी विचारलं, अगदी साध्या आवाजात, न पुकारता.

"या गल्लीत परत कधी येताल?"

"येते ना," मी म्हणाले. "नक्की येते."

त्यांनी मान हलवली आणि स्टूल उचलून आत नेलं. मी अजून गेलेली नाही.